पेडलवरचा पाय

ही गोष्ट खरी आहे. ज्याच्याबाबतीत घडली तो माझा सख्खा मावसभाऊ. त्यानं एका बैठकीत सांगितली, मध्ये दोनदा उठून पाणी प्यायला, आणि शेवटी म्हणाला, "लिही. पण आडनाव नको." म्हणून आडनाव गाळलंय. बाकी सगळं त्यानं सांगितलं तसंच.

तारीख १४ मे २०२३. रविवार. इंदूर, राजेंद्र नगर.

आणि रात्र नव्हती. दुपारचे पावणेतीन वाजले होते. बाहेर डोळे दिपवणारं ऊन होतं...

देवदत्त मूळचा सांगलीचा. चार-पाच वर्षांपासून पीथमपूरच्या एका कारखान्यात नोकरीला. काम ब्रेकच्या टेस्टिंगचं. दिवसभर ब्रेक तपासायचे, आणि सुट्टीच्या दिवशी घरी जुन्या गाड्या खोलून बसायचं, असा त्याचा स्वभाव. बायको मिताली पक्की इंदूरची. एका कॉलेजात शिकवते. दोघं इंजिनिअरिंगला एकाच वर्गात होते, त्यामुळे घरात सगळा कारभार अरे-तुरेचा.

त्या वर्षी मार्चमध्ये देवदत्तला एक गाडी मिळाली. साठच्या दशकातली विलायती स्पोर्ट्स कार. लाल रंग, दोनच सीट, वर कापडी हूड. पलासियाच्या मागच्या एका गल्लीत, जुन्या बंगल्याच्या गॅरेजमध्ये ती उभी होती. मालकीणबाई सरोजिनीकाकू. वय पंचाहत्तरीच्या पुढचं, घरात एकट्या. सासरे होळकर दरबारात नोकरीला होते म्हणे. यजमान, बाळकृष्णराव, आदल्याच वर्षी गेले होते.

काकूंनी गाडी जवळजवळ देऊनच टाकली. फक्त एक गोष्ट सांगितली.

"ब्रेक कमजोर आहेत तिचे. यांनी शेवटपर्यंत खटपट केली. जमलं नाही."

देवदत्त हसला. "काकू, माझं कामच आहे हो ते."

काकू हसल्या नाहीत.

गाडी घरी आली. इंजिन दोन आठवड्यांत सुरू झालं. ब्रेक मात्र खरंच कमजोर होते. पेडल दाबलं की मऊ लागायचं आणि तळापर्यंत जायचं. गाडी थांबायची, पण नाखुशीनं, दहा-बारा पावलं पुढे जाऊन. देवदत्तनं चारही चाकं खोलली. लायनिंग बदललं. रबरी नळ्या बदलल्या. शेवटी पेडलमागचा मुख्य सिलेंडरही नवा बसवला.

पेडल मऊ ते मऊच.

मग त्यानं एक साधी परीक्षा केली. चाकांकडे तेल नेणाऱ्या सगळ्या नळ्या चिमट्यानं दाबून बंद केल्या. आता पेडल दगडासारखं घट्ट लागायला हवं. तेल जाणार कुठे?

त्यानं पेडलवर पाय ठेवला. पेडल घट्ट होतं. आणि मग... हळूहळू... खाली जायला लागलं.

मला सांगताना त्यानं तळहात माझ्या तळहातावर ठेवून दाखवलं. म्हणाला, "असं वाटलं, की ते आधीपासून कुणीतरी दाबून धरलंय. आणि आता त्याचा पाय थरथरतोय."

शुक्रवारी त्यानं पेडलवर नवं रबर चढवलं. शनिवारी सकाळी पाहिलं, तर रबराच्या वरच्या कडेला खळगे पडले होते. ओळीनं पाच. एक मोठा, चार लहान.

उन्हानं रबर मऊ झालं असेल, असं तो स्वतःशीच म्हणाला.

रविवारी त्यानं ब्रेकमधली हवा काढायला घेतली. या कामाला दोन माणसं लागतात. एक गाडीखाली, एक सीटवर. खालचा म्हणतो "दाब". वरचा पेडल दाबून म्हणतो "दाबलंय". मग खालचा चाकामागचा बारका स्क्रू सैल करतो. हवा आणि तेल पारदर्शक नळीतून बाटलीत पडतं. स्क्रू आवळला की तो म्हणतो "सोड". तोवर वरच्यानं पाय उचलायचा नाही.

मिताली सीटवर बसली. गाडीचा मागचा भाग दोन लोखंडी स्टँडवर उचललेला, चाकं काढलेली. देवदत्त खाली सरकला.

"दाब."

"दाबलंय यार. और कितना टाइम?"

"सोड. अजून अर्धा तास."

"मेल्या, इथे भट्टी झालीये माझी."

असं चाललं होतं. पहिलं चाक झालं. दुसऱ्याला सुरुवात झाली आणि लाइट गेली. पोर्चमधला पंखा थांबला. गल्लीतले सगळे कूलर एकदम गप्प झाले.

इतकी शांतता, की बाटलीत पडणाऱ्या तेलाचा थेंब ऐकू येत होता...

"दाब," देवदत्त म्हणाला.

जरा वेळानं... हळू आवाजात...

"दाबलंय."

त्यानं स्क्रू सैल केला. तेल जोरात आलं. एकसुद्धा बुडबुडा नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच असा दाब लागला होता. तो खूश झाला. पुन्हा दाब, पुन्हा सोड. चार वेळा. प्रत्येक वेळी तोच जोर.

"मस्त. दाब परत."

"दाबलंय."

त्यानं स्क्रू सैल केला. "पाय दुखतोय का गं?"

"हो..."

"थांबायचं का जरा?"

"तुम्ही सांगाल तसं."

देवदत्तच्या हातातला पाना स्क्रूवरच थांबला.

मितालीनं त्याला आयुष्यात कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं.

चेष्टा करत असेल... असं त्याला वाटलं. तेवढ्यात घराच्या दाराची कडी वाजली. गाडीखालून त्याला फक्त जमीन दिसत होती. पोर्चच्या पायरीवर दोन पाय आले. निळ्या स्लिपर. मितालीच्या.

"सॉरी हं," मिताली पायरीवरून म्हणाली. "आईचा फोन आला म्हणून आत गेले. सांगितलं होतं तुला, ऐकलं नाहीस वाटतं. पन्हं आणलंय, बाहेर ये."

स्क्रू सैलच होता. तेल अजून नळीतून जोरात येत होतं.

पेडल अजून कुणीतरी दाबून ठेवलं होतं...

तो म्हणाला, अगदी हळू, "सोड."

वरून उत्तर आलं.

"नाही. तुम्हीच म्हणालात ना, सोडू नको."

मितालीनंही ते ऐकलं. तिच्या हातातले ग्लास फरशीवर पडले. ती सीटकडे बघत होती, आणि सीटवर कुणी नव्हतं.

पुढचं सगळं दोन-तीन सेकंदांत झालं. गाडीत कुणीतरी दोन्ही पायांनी जीव खाऊन आदळावं तसा दणका बसला. मग दुसरा. गाडी स्टँडवर डुचमळली. देवदत्तनं अंग बाहेर झोकलं. डोकं निघालं, छाती निघाली. तिसऱ्या दणक्याला उजवा स्टँड सटकला आणि गाडीचा मागचा भाग खाली आला.

डावा हात आतच होता.

लोखंडी ब्रेक ड्रम त्याच्या बोटांवर बसला. हाड फुटल्याचा आवाज त्यानं आधी ऐकला, कळ नंतर आली. तो ओरडला सुद्धा नाही. त्याला श्वासच घेता येत नव्हता. फरशीवर पन्हं सांडलं होतं, त्यात ब्रेकचं तेल मिसळलं, त्यात रक्त. मितालीनं जॅक ओढला, गाडीखाली सारला आणि दात आवळून दांडा मारत राहिली. गाडी इंचभर उचलली जायची...

आणि वरून कुणीतरी ती पुन्हा खाली दाबायचं.

पाच वेळा असं झालं. सहाव्यांदा हात निघाला. दोन बोटं मात्र ड्रमखालीच राहिली.

हॉस्पिटलमध्ये त्यांनी एवढंच सांगितलं, की स्टँड सटकला.

दहा दिवसांनी, हाताला बँडेज असताना, देवदत्त आणि मिताली सरोजिनीकाकूंकडे गेले. मितालीनं सगळं सांगितलं. ती चिडलेली होती. 'तुम्हीच म्हणालात ना' हे वाक्य ऐकलं आणि काकूंनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

"आवाज कसा होता?" त्यांनी विचारलं.

देवदत्तला प्रश्न कळला नाही.

"आवाज हो तिचा. दमलेला होता का?"

"हो," तो म्हणाला. "फार दमलेला."

मग काकूंनी सांगितलं.

त्यांना एकच मुलगी होती. सुमेधा. १९८८च्या डिसेंबरात सतरा वर्षांची. बाप आणि लेक याच गाडीतून महेश्वरला निघाले होते. मानपूरचा घाट उतरताना ब्रेक गेले. एका बाजूला कडा, एका बाजूला दरी, समोर उतार.

"यांनी तिला सांगितलं, पाय इकडे आण, पेडल दाबून धर, सोडू नको, मी उतरून चाकाखाली दगड लावतो. आणि दार उघडून उडी टाकली." काकू जरा थांबल्या. "घाटातून सुटलेल्या गाडीला कुणी दगड लावतं का हो?"

खाली दगडांनी भरलेला ट्रक उभा होता. गाडी त्याच्या मागच्या बाजूला धडकली. स्टिअरिंग सुमेधाच्या छातीत घुसलं होतं. उजवा पाय मांडीपर्यंत ठिकठिकाणी मोडला होता, तरी पाऊल पेडलवरून निघेना. शेवटी लोकांनी पेडलचा दांडा कापला.

"यांना काय, दोन्ही कोपरं खरचटली होती फक्त. मीच औषध लावलं. मला बोलले, बाहेर फेकलो गेलो. खरं काय ते नंतर झोपेत बरळायचे. तेहेतीस वर्षं मी त्या माणसाला ताट वाढलं."

"आणि गाडी?" मितालीनं विचारलं.

"दुरुस्त करून आणली. ब्रेकमध्ये काय बिघाड होता ते शोधायचं होतं त्यांना. तेच डोक्यात बसलं. रोज दुपारी गॅरेजमध्ये. मला त्यांचा आवाज यायचा. दाब. सोड. दाब. सोड." काकूंनी देवदत्तकडे पाहिलं. "मी त्या सीटवर कधी बसले नाही. घरात तिसरं माणूस नव्हतं. तरी काम चालायचं..."

काकू सांगत राहिल्या.

"मागच्या वर्षी एके दिवशी मी पोळ्या करत होते. गॅरेजमधून ऐकू आलं, सोड. मग पुन्हा, सोड. मग नुसतं सोड, सोड, सोड. बराच वेळ चाललं होतं ते. मी पोळ्या पूर्ण केल्या. गॅस बंद केला. मग गेले." त्यांचा आवाज जरासुद्धा हलला नाही. "गाडीखाली होते. छाती पार सपाट झाली होती त्यांची."

मिताली उठून उभी राहिली. "काकू, आणि अशी गाडी तुम्ही आम्हाला दिलीत?"

"चुकलं माझं. यांच्याबरोबर तीही गेली असेल असं वाटलं होतं मला." मग काकू हात जोडून म्हणाल्या, "परत आणून द्या ती. माझ्याशी ती कधीच बोलली नाही हो."

१ जूनला, सकाळी अकरा वाजता, गाडी न्यायला ट्रक आला. सपाट पाठीचा, मागचा भाग जमिनीपर्यंत झुकणारा. चालक विजय म्हणून होता. कॉलनीतल्या मेकॅनिककडून चाकं तेवढी बसवून घेतली होती. हँडब्रेकची तार जोडलेली नव्हती. आणि हे नीट लक्षात ठेवा, ब्रेकचं सगळं तेल त्या रविवारीच फरशीवर गेलं होतं. टाकी कोरडी ठणठणीत होती. देवदत्तनं स्वतः झाकण उघडून पाहिली होती.

विजयनं गाडीच्या पुढच्या बाजूला तारेचा हुक अडकवला. "भिया, स्टेरिंग सीधी पकडनी पडेगी. एक जण बैठ जाओ अंदर."

मिताली म्हणाली, "तू नको बसू."

पण दुसरं कोण बसणार? देवदत्त बसला. डावा हात बँडेजमध्ये, उजवा स्टिअरिंगवर. तार ताणली गेली. गाडी कुरकुरत चढणीवर चढायला लागली. अर्धी चढली. मिताली मागे, कंपाउंडच्या भिंतीजवळ होती. चाकाखाली लावलेली वीट वाटेत राहिली होती, ती उचलायला ती वाकली.

टण्ण असा आवाज झाला. हुक तुटला होता.

गाडी मागे सुटली.

देवदत्तनं पेडलवर पाय मारला. पेडल सरळ तळाला गेलं, रिकाम्या डब्यासारखं. समोरच्या आरशात त्याला मिताली दिसली. मागे भिंत, हातात वीट, आणि हलायला जागाच नाही...

आता त्यानं मला जे सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहितो. तो म्हणाला, "मी दार उघडलं. उजव्या हातानं. मला ती आरशात दिसत होती आणि मी दार उघडलं. पेडलवरचा पाय मी उचलला. मी उडी मारत होतो."

पाय उचलला गेला नाही.

त्याच्या पावलावर एक पाऊल येऊन बसलं होतं. गार. लहानसं. चामड्याच्या बुटातून त्याला त्याची बोटं वेगवेगळी जाणवत होती. ते खाली दाबायला लागलं. त्यानं पाय ओढला तसं आणखी जोरानं. पायातलं एक हाड मोडलं. मग दुसरं. मग तिसरं, चौथं, एकामागून एक, वाळलेल्या काटक्या मोडाव्यात तशी. देवदत्त ओरडत होता आणि दार उघडं होतं, आणि पेडल...

पेडल दगडासारखं घट्ट झालं होतं.

चारही चाकं जागच्या जागी आवळली गेली. फरशीवर टायरचे काळे पट्टे उमटले. गाडी थांबली तेव्हा मागचा बंपर आणि मितालीचे गुडघे यांच्यात वीतभर अंतर होतं.

ज्या गाडीत ब्रेकच्या तेलाचा एक थेंब नव्हता, ती गाडी उतारावर अशी थांबली. विजयनं नंतर टाकी पाहिली आणि झाकण परत लावलं. मग म्हणाला, "भिया, मैं छोड तो आऊंगा इसको. पर इसके पास नहीं बैठूंगा."

डॉक्टरांनी विचारलं, पायावर काय पडलं? एक्स-रेमध्ये चार हाडं तुटलेली होती. आणि पावलाच्या वरच्या बाजूला, कातडीवर, दुसऱ्या एका पावलाचा काळानिळा ठसा होता. मुलीच्या मापाचा. तो दीड महिना गेला नाही.

गाडी काकूंच्या गॅरेजमध्ये पोचली.

दिवाळीच्या आधी देवदत्त एकदा त्यांच्याकडे गेला. विचारपूस करायला. बंगल्याचं दार बंद होतं, म्हणून तो गॅरेजकडे वळला. शटर अर्धं खाली होतं. आतून काकूंचा आवाज येत होता. गप्पा मारल्यासारखा, अगदी निवांत. त्या कुणाला तरी शेजारणींची नावं सांगत होत्या, कोण गेलं, कोण आहे. मध्ये थांबायच्या...

आणि त्या थांबल्या की दुसरं कुणीतरी बोलायचं.

देवदत्त हाक न मारता परत फिरला. पुन्हा गेला नाही.

मितालीनं त्याला उघड्या दाराबद्दल आजवर काहीही विचारलेलं नाही. तिनं पाहिलं होतं, हे त्याला माहीत आहे. एकदा जेवताना त्यानं स्वतःच विषय काढला. ती म्हणाली, "जेव आधी." आणि भात वाढला. बस.

हे सगळं ऐकून मी इंदूरहून नाशिकला परत निघालो. तीन महिने झाले त्याला. माझ्या शेजारच्या सीटवर माझी मुलगी कस्तुरी होती. बारा वर्षांची. गाडी नवीन, ब्रेक उत्तम, दुपारचं लख्ख ऊन. मानपूरचा घाट लागला. कस्तुरी खिडकीबाहेर बघत काहीतरी गुणगुणत होती. उतारावर पुढे एक दगडांचा ट्रक संथ चालला होता. मी ब्रेक दाबला. तो लागला. काही झालं नाही.

पण त्या वेळी माझं लक्ष गेलं. स्टिअरिंगवर माझा फक्त डावा हात होता.

उजवा हात दाराच्या कडीवर होता. कधी गेला, किती वेळ होता, मला माहीत नाही.